जगन्नाथरावांनी सांगितलेला पगार

जालन्याच्या मस्तगड भागात आमच्या समोरच्या घरात जगन्नाथराव अंबडकर राहतात. त्यांची अडतीस वर्षं पंचायत समितीत नोकरी झाली, त्यातली सलग नऊ भोकरदनला. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत यायचं. वरिष्ठ सहायक म्हणून ते निवृत्त झाले. साहेब ते कधीच नव्हते, पण भोकरदनकडची माणसं त्यांना साहेब म्हणायची. त्याचं कारण इतकंच, की त्यांनी कुणाची फाइल पैशासाठी अडवली नाही आणि सांगितलेला आकडा कधी चुकला नाही.

निवृत्तीनंतरही लोक यायचे. कुणाचा पीकविमा, कुणाच्या पेन्शनचा फरक, कुणाला पतसंस्थेने व्याज जास्त लावलंय का ते बघायचं असायचं. जगन्नाथराव चष्मा चढवून पुढच्या खोलीत बसायचे, कागद मांडीवर घ्यायचे आणि पेन्सिलीने बारीक आकडे लिहीत जायचे. शेवटी कागद फिरवून समोरच्याला दाखवायचे, की बघ, एवढं बसतं. त्या 'एवढं बसतं'वर लोक व्यवहार करायचे. मी स्वतः फ्लॅट घेतला तो त्यांना विचारून.

पुढे जे घडलं ते त्यांनीच मला सांगितलं. एका बैठकीत नाही, तुकड्या-तुकड्यांनी, आणि प्रत्येक वेळी खाली बघत.

त्यांना एकच मुलगी, चिन्मयी. बारावीला आर्ट्समध्ये तालुक्यात पहिली आली आणि तिने पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, लिबरल आर्ट्स. इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, नाटक, सगळं. हे नेमकं काय असतं असं मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाले, "माणसाला विचार करायला शिकवतात म्हणे." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्यांना स्वतःला इतिहास घेऊन शिकायचं होतं. वडील अचानक गेले आणि विसाव्या वर्षी त्यांच्या जागी कारकून म्हणून चिकटावं लागलं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण चिन्मयीची मुलाखत झाली त्या दिवशी पोरगी खोलीतून हसत बाहेर आली आणि यांनी मनात होकार देऊन टाकला.

त्यांची बायको नीलावहिनी व्यवहारी बाई. हे शिकून पुढे नोकरी काय लागते, एवढं त्यांनी एकदा विचारलं. जगन्नाथरावांनी विद्यापीठाचं गुळगुळीत माहितीपत्रक त्यांच्यापुढे धरलं. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं, सर्वाधिक पॅकेज नऊ लाख. सर्वाधिक म्हणजे शंभरातल्या एकाला, हे दुसऱ्या कुणाच्या कागदावर असतं तर जगन्नाथरावांनी आधी त्यावर बोट ठेवलं असतं. इथे ठेवलं नाही. बाकीच्या नव्याण्णवांना काय मिळतं हे विचारायला त्यांनी फोनही केला नाही. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हिशोब केला असता तर नाही म्हणावं लागलं असतं."

ग्रॅच्युइटीतले पैसे घातले आणि वर चौदा लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं. त्यासाठी मस्तगडचं घर बँकेला तारण दिलं. मधली दीड-दोन वर्षं करोनात गेली. पोरगी याच घराच्या गच्चीवर मोबाइलसमोर बसून शिकली आणि फी मात्र पूर्ण भरावी लागली. शिक्षण संपून हप्ता सुरू व्हायच्या वेळी व्याज धरून अठरा लाख चाळीस हजार झाले होते. बारा वर्षांची मुदत, महिन्याला साडेबावीस हजार हप्ता.

चिन्मयीला नोकरी लागली. पुण्यातच, दुसऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटसाठी मजकूर लिहिणाऱ्या एका लहान कंपनीत. हातात सत्तावीस हजार. तिने फोनवर आनंदाने सांगितलं, पहिल्या पगारातून आईला साडीही आणली. जगन्नाथरावांना पेन्शन चौतीस हजार. त्यांनी ठरवलं, पंधरा आपण भरायचे, साडेसात पोरीने. तिला म्हणाले, तू काळजी करू नको, मला खर्चच काय आहे. मग घरातलं एकेक कमी होत गेलं. गाडी विकली. वर्तमानपत्र ते आमच्याकडे येऊन वाचायला लागले. मला वाटायचं, गप्पांसाठी येतात.

खोटं पहिल्यांदा मोतीबागेत बोललं गेलं. सकाळी फिरायला जाणारी आमची सात-आठ जणांची टोळी आहे. त्यातल्या शिवाजीरावांचा मुलगा हिंजवडीला, त्याला बारा लाख मिळतात असा विषय निघाला. कुणीतरी सहज विचारलं, चिन्मयीला किती? जगन्नाथराव म्हणाले, नऊ. मी शेजारीच होतो. आवाज जराही हलला नाही. त्या माणसाचा आकडा चुकत नाही हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही पुढे चार ठिकाणी सांगितलं की आर्ट्स शिकूनही आमच्या समोरच्या चिन्मयीला नऊ लाख आहेत.

नीलावहिनींना ते एका हळदीकुंकवात कळलं. कुणीतरी बाईने त्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, लोकांना खऱ्या आकड्याशी काय करायचंय. वहिनी गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या याचीही त्यांना पुढे लाज वाटली, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

गेल्या जूनमध्ये धर्मराज सपकाळ आले. भोकरदनजवळच्या गावचे, बारा एकरांचे धनी. मिरची आणि मका घेतात, नीट राबून खाऊन-पिऊन सुखी असलेलं घर. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीची फाइल जगन्नाथरावांनी एक पैसा न घेता मार्गी लावली होती. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून वाळलेल्या मिरचीची एक पिशवी मस्तगडात यायची. या वेळी पिशवीबरोबर त्यांची मुलगी आकांक्षाही होती. बारावी आर्ट्स, अठ्ठ्याऐंशी टक्के. चिन्मयीने केला तोच अभ्यासक्रम, त्याच ठिकाणी करायचा असं तिच्या डोक्यात होतं. मुलाखत झाली होती, निवड झाली होती. फी आता वाढली होती, अठरा लाखांचं कर्ज घ्यावं लागणार होतं आणि त्यासाठी भोकरदनमधला प्लॉट तारण द्यायचा होता. धर्मराजचे थोरले भाऊ राधेश्याम यांचा विरोध होता. ते म्हणत होते, आर्ट्सला कुणी अठरा लाख घालतं का.

चहा झाला. धर्मराज पुढे सरकून बसले.

"साहेब, दुनिया काय बी सांगती. माझा इस्वास फक्त तुमच्यावर हाये. तुमच्या पोरीला किती पगार हाये, तेवढं बराबर सांगा. त्या आकड्यावर मी सही करून टाकतो."

आकांक्षाच्या मांडीवर वही उघडी होती. हातात पेन.

जगन्नाथराव म्हणतात, तेव्हा खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. चांगला पुरेसा लांब क्षण. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे नीला कान देऊन उभी होती, हेही त्यांना कळलं होतं. पण धर्मराजच्या डोळ्यांत आपण जे आहोत ते खाली पडू द्यायची हिंमत झाली नाही.

"नऊ लाख," ते म्हणाले.

आकांक्षाने लिहून घेतलं. ताईचा नंबर द्याल का, असं तिने विचारलं, तर यांनी सांगितलं की ती कामात फार असते, मीच तुझं तिच्याशी बोलणं करून देईन. बापलेक दुपारच्या एसटीने गेले. नीलावहिनी बाहेर आल्या, कप उचलून आत गेल्या. पुढचे आठ दिवस त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. मिरचीची पिशवी त्यांनी उघडली नाही.

आकांक्षाने चिन्मयीला स्वतःच शोधून काढलं. आजकालच्या मुलींना ते काय अवघड. तिने इन्स्टाग्रामवर निरोप टाकला, की ताई, मी तुमच्याच कॉलेजला येतेय, तुम्हाला नऊ लाख पहिल्याच वर्षी मिळाले का? चिन्मयीने त्या निरोपाला उत्तर दिलं नाही. शनिवारच्या बसने ती जालन्याला आली.

दुपारी जेवणं झाल्यावर तिने फोन वडिलांपुढे ठेवला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. जगन्नाथरावांनी आधी म्हटलं, गैरसमज झाला असेल. मग म्हटलं, एकदा सहज तोंडून गेलं. चिन्मयी ओरडली नाही. ती म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तुम्हाला माझ्या कर्जाची लाज वाटते. तुम्हाला तर माझीच वाटते."

तसं नाही, असं ते म्हणू लागले, पण वाक्य पुरं करता आलं नाही, कारण तसंच होतं. मुलगी रोज दहा तास काम करते, चौघींत मिळून एक खोली घेऊन राहते, दोन वेळा डबा खाते आणि न चुकता साडेसात हजार पाठवते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढं असताना बाप माहितीपत्रकातला आकडा सांगत फिरत होता. नीलावहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की मंगळवारी सपकाळांची बँकेत सही आहे.

चिन्मयीने विचारलं, मी येऊ का बरोबर? ते नको म्हणाले. रविवारी ती पुण्याला परत गेली आणि सोमवारी सकाळी जगन्नाथराव भोकरदनच्या एसटीत बसले. नोकरीत असताना हजारो वेळा केलेला रस्ता. त्या दिवशी मात्र राजूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत जावं, फोनवरच सांगावं, असं त्यांना वाटलं. उतरलेही. कंडक्टरने हाक मारली आणि पुन्हा चढले. हे त्यांनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

धर्मराजच्या अंगणात मिरचीचा पहिला तोडा पडला होता. पोती भरून पिंपळगावच्या बाजारात न्यायची होती, माणसं त्या कामात. साहेब स्वतः घरी आले म्हणून एकच धांदल झाली. धर्मराजच्या बायकोने, नंदाबाईंनी, पाणी आणलं, पोहे टाकले. आकांक्षा ओसरीवर येऊन बसली. तिने नवी बॅग घेतली होती, ती दाखवायला आणली.

जगन्नाथरावांनी पोह्यांची ताटली बाजूला ठेवली आणि सांगितलं. चिन्मयीला नऊ लाख नाहीत. महिन्याला सत्तावीस हजार आहेत. मी तुमच्याशी खोटं बोललो.

नंदाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या. धर्मराजनी एकदा पोत्यांकडे बघितलं. मग त्यांनी अंगणातून राधेश्यामना बोलावलं. राधेश्याम हात पुसत आले, ओसरीच्या कडेला टेकले.

"साहेब," धर्मराज म्हणाले, "आता मला सांगितलं ते दादाला बी सांगा. मी सांगितलं तर माझ्यावर ध्यान देणार न्हाई. भांडून बसलो ना त्यांच्याशी तुमच्या शब्दावर."

त्यात राग नव्हता. तेच जास्त लागलं, असं जगन्नाथराव म्हणतात. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी पोती भरणारी माणसंही ऐकत होती. राधेश्यामांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सगळं ऐकून फक्त मान हलवली आणि उठून परत कामाला गेले.

आकांक्षाने तोवर वही आणली होती. वरच्या ओळीत नऊ लाख लिहिलेलं होतं. ते तिने खोडलं नाही, खाली सत्तावीस हजार लिहिलं. हप्ता किती, तिने विचारलं. जगन्नाथरावांनी हप्ता, मूळ कर्ज आणि मुदत, सगळं सांगितलं. तुमचं कर्ज चौदा लाखांचं होतं ना, माझं अठराचं आहे, मग मला जास्त बसेल, असं ती स्वतःशीच बोलली. चिन्मयीच्या पगारातून चिन्मयीचा हप्ता वजा केला. साडेचार हजार उरले. बारा वर्षांचे मिळून एकूण किती भरावे लागतात तेही तिने गुणून काढलं. बत्तीस लाख चाळीस हजार. पाच मिनिटांचा हिशोब होता. जगन्नाथराव समोर बसून बघत होते आणि त्या पोरीचा एकही आकडा चुकत नव्हता.

"मंग साडेचार हजारात ताई पुण्यात राहती कशी?" तिने विचारलं.

"पंधरा हजार मी भरतो," ते म्हणाले. "पेन्शनमधून."

धर्मराजनी तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते म्हणाले, मला तर पेन्शन बी न्हाई साहेब.

आकांक्षाने वही मिटली. मग तिने आणखी एक विचारलं. ताईला पस्तावा होतो का, शिकल्याचा? हप्ते सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तिथे तुला काय मिळालं, हे जगन्नाथरावांनी पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी फोन लावला. चिन्मयी ऑफिसात होती, पण तिने उचलला. तुला एकीशी बोलायचंय, एवढं सांगून त्यांनी फोन आकांक्षाच्या हातात दिला. ती फोन घेऊन मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा डोळे लाल होते. फोन परत देताना तिने आभार मानले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही.

मंगळवारी सही झाली नाही. जागा राखून ठेवायला धर्मराजनी चाळीस हजार आधीच भरले होते. विद्यापीठाने ते परत केले नाहीत. आकांक्षाने छत्रपती संभाजीनगरच्या एका सरकारी अनुदानाच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, इतिहास घेऊन. फी वर्षाला काही हजार. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. ऐकायला हे बरं वाटतं. पण ती तीन दिवस जेवली नव्हती, आणि नवीन बॅग तिने चुलत बहिणीला, शालूला देऊन टाकली, हे नंदाबाईंकडून नीलावहिनींना कळलं. जगन्नाथराव म्हणतात, मी दोनदा त्या पोरीचं नुकसान केलं. एकदा खोटं सांगून आणि एकदा खरं उशिरा सांगून. पहिल्यांदाच सत्तावीस हजार म्हटलं असतं तर तिने बॅग घेतलीच नसती.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा तिकडे गेले, पाकिटात चाळीस हजार घेऊन. ते कुठून आणले हे मला माहीत आहे, कारण त्यातले वीस माझे होते. धर्मराज नको म्हणतील आणि आपण आग्रह करू, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तसं झालं नाही. धर्मराजनी पाकीट घेतलं, नोटा मोजल्या आणि खिशात ठेवल्या. "घेतो साहेब," ते म्हणाले. "न्हाई घेतलं तर तुमी परत परत येताल." मग चहा दिला आणि फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं. त्यानंतर ते मस्तगडात आलेले नाहीत. या उन्हाळ्यात मिरचीची पिशवी आली नाही. वहिनींनी बाजारातून आणली.

मोतीबागेतही जगन्नाथरावांनी सांगून टाकलं. एका सकाळी चालता चालताच, कुणी विचारलेलं नसताना. चिन्मयीला सत्तावीस होते, आता चौतीस झालेत, मी नऊ लाख म्हणालो ते खोटं होतं. शिवाजीरावांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला आणि सगळे त्यावर हिरिरीने बोलले. घरी येताना मी त्यांच्याबरोबर होतो. मला त्यांना सांगायचं होतं की मीही तो आकडा चार ठिकाणी सांगितलाय, त्यातल्या एकाने आपल्या मुलासाठी माहितीपत्रक मागवलं होतं. तेव्हा बोललो नाही. नंतर त्या माणसाकडे जाऊन आलो. त्याने ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, तुम्हाला खात्री नव्हती तर सांगितलं कशाला?

लोक अजून कागद घेऊन समोरच्या घरी येतात. जगन्नाथराव हिशोब करून देतात, पण शेवटी म्हणतात की बँकेतून एकदा तपासून घ्या. आधी असं कधी म्हणत नसत. काही जणांना ते विचित्र वाटतं.

चिन्मयी आणि आकांक्षा एकमेकींशी बोलतात. पंधरा दिवसांनी, महिन्याने फोन होतो. चिन्मयी तिला पुस्तकं पाठवते, वाचून झाल्यावर आकांक्षा तिला लांबलचक लिहून कळवते. नीलावहिनींना दोघींकडून कळत राहतं. परवा वहिनी आमच्याकडे बसल्या होत्या, तेव्हा माझ्या बायकोने विचारलं, पस्तावा होतो का या प्रश्नाला चिन्मयीने काय सांगितलं होतं त्या दिवशी? वहिनींना ते माहीत होतं. त्यांनी दाराबाहेर बघितलं. जगन्नाथराव समोर पायरीवर आमचं वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, यांनी अजून विचारलेलं नाही. यांनी विचारलं की मग सांगेन सगळ्यांना.